खिळे ठोकण्यास सक्त मनाई आहे

पनवेलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं की पहिला फोन जातो मांडववाल्याला. चित्रकार नंतर ठरतात, चित्रं तर त्याहून नंतर. गावात हॉल भरपूर आहेत, पण ते बांधलेत लग्नामुंजींसाठी, आणि प्रत्येकाच्या दर्शनी भिंतीवर पाटी असते: 'भिंतीस खिळे ठोकण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' हुकूम कुणाचा ते लिहिलेलं नसतं. लग्नात भिंतीवर काही टांगावं लागत नाही. टांगण्याचे प्रसंग पुढे संसारात येतात. म्हणून मग मांडववाला बांबू, पट्ट्या आणि कापडाचे गठ्ठे घेऊन येतो आणि हॉलच्या आत कापडाचा दुसरा हॉल उभा करतो.

कापड पांढरं सांगितलेलं असतं. येतं ते गुलाबी, चुण्यांचं, वरून सोनेरी झालर लावलेलं.

"दादा, पांढरं सांगितलं होतं ना?"

"ताई, पांढरं आपण दहाव्या-तेराव्यालाच देतो. तुमचं शुभकार्य ना?"

यावर बोलायला काही उरत नाही. मी मुंबईच्या एका कला महाविद्यालयात शिकते. चित्रामागची भिंत कशी अबोल असावी, यावर तिथं एक आख्खा तास झालेला आहे. त्या तासाला झालरीचा उल्लेख नव्हता. पण गुलाबी चुण्यांवर टांगलेला कर्नाळा किल्ला तासाभरात डोळ्यांच्या सवयीचा होतो. दुसऱ्या दिवशी तर वाटायला लागतं की लग्न किल्ल्याचंच आहे आणि आपण मुलीकडच्या आहोत.

मुलीकडच्या म्हणजे राबणाऱ्या. गावात प्रदर्शन ठरलं की संयोजकांना कलाविद्यार्थ्यांची हटकून आठवण होते. "तुम्हा मुलांना अनुभव मिळेल," असं म्हणून बोलावतात. हा अनुभव साधारण सकाळी आठला सुरू होतो आणि त्यात टेम्पोतून फ्रेमा उतरवणं, नावाच्या चिठ्ठ्या कापणं, पाहुण्यांसाठी नारळ आणणं आणि चहावाल्याला 'अजून बारा' सांगणं एवढं सगळं येतं. चिठ्ठ्यांवरची नावं ठरलेली: 'निसर्ग–1', 'निसर्ग–2', 'मातृत्व', 'गजानन', 'एकांत'. एका प्रदर्शनात 'एकांत' नावाची इतकी चित्रं होती की ती शेजारी शेजारी लावावी लागली.

तारखांचंही एक गणित आहे. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली सुरू झाली, आणि तिथली तारीख मिळवायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात. पनवेलला तेवढं थांबावं लागत नाही. लग्नाचे मुहूर्त संपेपर्यंतच थांबावं लागतं. मुहूर्त असताना हॉल परवडत नाहीत आणि मिळतही नाहीत. त्यामुळे आमच्याकडची कला चातुर्मासात फुलते. बाहेर कोकणातला पाऊस, आत जलरंग. दमट हवेत कागद पापडासारखा फुगतो, काचेला आतून वाफ धरते, आणि 'पावसाळी सकाळ' हे चित्र चित्रकाराच्या मनात होतं त्याहून जास्त पावसाळी होत जातं.

टांगायला सुतळी चालत नाही, दिसते. आम्ही वापरतो तंगूस. मासेमारीचा हा नायलॉनचा दोर कोळीवाड्याकडच्या दुकानात मिळतो. दिसत नाही, वजन पेलतो, फक्त गाठ धरत नाही. साधी गाठ मारून जरा पाठ फिरवली की तो गुळगुळीत दोर आपोआप सुटतो आणि मागून 'मातृत्व' पडल्याचा आवाज येतो. शेवटी दुकानदारानंच गाठ शिकवली. टोक फ्रेमच्या कडीतून काढायचं, दोराभोवती पाच-सहा पीळ द्यायचे, कडीजवळच्या पहिल्या फाशातून टोक परत घालायचं आणि ओढण्याआधी गाठीला थुंकी लावायची. ओली केल्याशिवाय तंगूस नीट बसत नाही. कोरडा ओढला तर घासून कमकुवत होतो. ही विद्या कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. पनवेलमध्ये आजवर कितीतरी नामवंतांच्या कलाकृती माझ्या थुंकीवर टांगलेल्या होत्या, आणि त्यांतली एकही पडली नाही.

मग प्रश्न येतो उंचीचा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर यावा, असा जगभरच्या कलादालनांचा संकेत. मी टेप घेऊन खुणा करत होते. संयोजक काका उंच; त्यांना सगळं बुटकं वाटायला लागलं. काकू म्हणाल्या, "अहो, बायका काय शिडी लावून बघणार?" एका सरांनी शाळेतली पोरं येणार असल्याची आठवण करून दिली. बराच खल झाल्यावर चित्रं शेवटी लागली ती मांडववाल्याच्या पट्टीवर जिथं आधीचे खिळे होते तिथंच. त्याच्या खिळ्यांना मनाई नव्हती.

उद्घाटन हा स्वतंत्र प्रकार आहे. फीत असते, तबक असतं, तबकात हळदकुंकू असतं, कात्री नसते. या क्षणी सगळे चित्रकला शिकणाऱ्या मुलीकडे बघतात, कारण तिच्या पिशवीत कटर असणार हे आता गावाला ठाऊक झालंय. कटरनं फीत कापता येते, पण छायाचित्रात पाहुणे फीत कापतायत असं न दिसता, कुणाला तरी धमकावतायत असं दिसतं. समईसाठी पंखे बंद करायचे, मग भाषणांसाठी सुरू करायचे, मग माइक खरखरतो म्हणून परत बंद करायचे. हे बटणांचं कामही माझ्याकडेच असतं.

प्रमुख पाहुणे 'चित्रकलेतलं मला काही कळत नाही' असं म्हणून सुरुवात करतात आणि बराच वेळ त्या विधानाला पुरावे देत राहतात. पण जवळजवळ सगळे एका ठिकाणी येऊन थांबतातच: "लहानपणी मीही चित्रं काढायचो बरं का. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, एक झोपडी आणि आकाशात चार आकड्याचे पक्षी." सगळं सभागृह हसतं. सगळ्यांनी तेच काढलेलं असतं.

कॉलेजात या चित्राची फार टर उडवतात. साचेबद्धपणाचं उदाहरण म्हणून फळ्यावर काढतात. मी एकदा पावसानंतरच्या स्वच्छ पहाटे घराच्या गच्चीवरून पूर्वेला बघितलं. माथेरानची रांग, तिच्याअलीकडे प्रबळगड, त्याला लागून कलावंतिणीचा सुळका, दोहोंमध्ये इंग्रजी व्हीसारखी खाच, त्या बाजूनं सूर्य वर येतोय आणि माथेरानच्या डोंगरांतून उतरलेली गाढी नदी गावाला वळसा घालून खाडीकडे चाललीय. झोपडीच्या जागी टॉवर आहेत एवढं सोडलं तर चित्र तंतोतंत. बाकी महाराष्ट्रानं ते पाठांतरानं काढलं असेल. पनवेलच्या पोरांचं ते वास्तववादी निसर्गचित्रण आहे. हे मी एका सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तरी पक्षी चाराच्या आकड्याचे नसतात." ते नंतर बघू.

प्रदर्शनाला येणारी माणसं मला चित्रांपेक्षा जास्त आवडतात, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी येतात त्या चुकून आलेल्या बायका. हॉलवर 'प्रदर्शन' असा फलक दिसला की आत साड्या असणार, हा अनेक वर्षांचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. आत येऊन त्या नजरेनंच सगळा हॉल झाडून काढतात आणि विचारतात, "एवढंच? कॉटन कुठल्या बाजूला?" चित्रं आहेत म्हटल्यावर लगेच परत फिरतील असं वाटतं, पण नाही. पाऊस असतो, पंखा असतो, आणि आलोच आहोत तर बघू या, असा विचार होतो. मग त्या एकेक चित्र साडी बघतात तसंच बघतात, म्हणजे विलक्षण बारकाईनं. "हा निळा धुतल्यावर राहणार नाही," असं एकीनं एका जलरंगाबद्दल म्हटलं. निळा राहील की नाही, हा प्रश्न चित्रकाराला त्याच्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. उन्हात काही रंग खरोखरच उडतात, आणि रंगाच्या नळीवर त्याबद्दल चांदण्या छापलेल्या असतात. तो घरी जाऊन नळीवरच्या चांदण्या मोजत बसला असणार.

पाठोपाठ आया. एका हाताला मूल, दुसऱ्या हातात छत्री. "याला पण चित्रकलेची आवड आहे. यातून काही मार्क मिळतात का?" या प्रश्नाला हसायचं कारण नाही. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा महाराष्ट्रात लाखो मुलं देतात, आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला 7 वाढीव गुण मिळतात, बीला 5, सीला 3. सात गुणांत किती घरांत रंगपेट्या आल्या असतील, त्याचा हिशेब कलेच्या इतिहासात कुणी मांडत नाही. मीही त्याच वाटेनं आले. फक्त सात गुण घेऊन परत फिरायचं, ते मी पुढेच चालत राहिले, आणि त्याचं वाईट अजून आईला वाटतं.

त्या परीक्षेत एक विषय असतो स्मरणचित्र. 'भाजीबाजार', 'फुगडी खेळणाऱ्या मुली', 'एसटी थांबा' असा विषय द्यायचा आणि समोर काही न ठेवता आठवणीतून काढायचं. मुलं बरीवाईट काढतात. या विषयाचे परीक्षक व्हायला मात्र जन्मतःच पात्र असतो तो जुना पनवेलकर.

कारण तो चित्र बघतच नाही, पत्ता बघतो. आम्हाला शिकवलंय की आधी लांबून मांडणी बघा, मग छटा, मग जवळ जाऊन ब्रशचा फटकारा. पनवेलकर काका छत्री झटकतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात आणि पहिल्याच वाक्यात मुद्द्याला हात घालतात.

"हे कुठलं?"

"जुनं पनवेल आहे काका. लाईन आळीकडचं."

"लाईन आळीत असा वाडा नव्हता."

"चित्रकारानं थोडं स्वातंत्र्य घेतलंय."

"कुणाला विचारून?"

गाव जुनं. नगरपालिका 1852 सालची, म्हणजे सत्तावनच्या बंडाच्याही आधीची. महानगरपालिका झाली 1 ऑक्टोबर 2016 ला. मधल्या काळात कौलारू वाडे होते, ओट्या होत्या, पडव्या होत्या. आता त्यांच्या जागी सात मजले आणि खाली मोबाइलचं दुकान. त्यामुळे जुन्या वाड्याचं चित्र लागलं की त्याच्यापुढं न्यायालय भरतं. कौलं मंगलोरी होती की नळीची, ओटीला तीन पायऱ्या की चार, समोर पिंपळ की औदुंबर. साक्षी होतात, उलटतपासण्या होतात. एका चित्रात अंगणात बैलगाडीचं चाक टेकवून ठेवलेलं होतं. पनवेलला एके काळी गाडीची चाकं बनवण्याचा मोठा धंदा होता, त्यामुळे विषयही रास्त. एक आजोबा बराच वेळ चाकासमोर उभे. मला वाटलं गहिवरले. ते आरे मोजत होते.

"अकरा," ते म्हणाले. "विषम आरे कुठल्या चाकाला असतात? घेराच्या एकेका लाकडात दोन-दोन आरे बसतात. समच यायला हवेत."

चित्रकार चित्रकलेतला पदवीधर. अनेक बक्षिसं मिळवलेला. त्याच्या चित्रावर छायाप्रकाशाबद्दल, अवकाशाबद्दल, रंगसंगतीबद्दल पुष्कळ बोललं गेलं होतं. आरे कुणी मोजले नव्हते. इतकं लक्ष देऊन एखाद्या चित्राकडे बघणारा प्रेक्षक मला मुंबईतल्या वातानुकूलित दालनात अजून भेटायचाय. तिथं माणसं हनुवटीखाली हात ठेवून दोन पावलं मागे सरकतात, मान हलवतात आणि पुढच्या चित्राकडे जातात. ती बहुधा बघतात, पण भांडत नाहीत.

एकदा एका निसर्गचित्रासमोर उलव्याकडच्या एक आजी थांबल्या. नव्या विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं. चित्र त्याआधीचं होतं. साधंच, जरा घाईत केलेलं, आमच्या सरांनी त्याला 'कच्चं' म्हणून कोपऱ्यात लावायला सांगितलेलं.

"ही आमचीच टेकरी न?" आजींनी विचारलं.

"हो आजी."

"आता नाय रायली. चित्रान तरी रायली." मग जरा वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "पन झारं कमी काढलीत."

झाडं सगळ्यांनाच कमी वाटतात. आमच्या भागातल्या निसर्गचित्रांवरचा हा कायमचा आक्षेप आहे.

रस्त्यात बसून चित्र काढणं तर आता धोक्याचं झालंय. पाटीवर कागद लावून एखाद्या पडक्या वाड्याकडे डोळे बारीक करून बघितलं, पेन्सिल उभी धरून उंची मापली, की दहा मिनिटांत मागे दोघं-तिघं येऊन उभे राहतात. मुंबईत विचारतील, "कुठल्या कॉलेजची?" पनवेलमध्ये विचारतात, "सर्व्हे आहे का?" सिडको 1970 साली आली तेव्हापासून इथल्या माणसाला अनुभव असा, की कुणी कागद घेऊन जमिनीकडे बघायला लागलं की पुढे काहीतरी होतं. एका आजोबांनी मला दोन वेळा चहा पाजला आणि मग हळूच विचारलं, "एफएसआय किती देताय?" चित्र आहे म्हटल्यावर त्यांचा इतका विरस झाला, की मला त्यांच्या वाड्याला एखादा मजला वाढवून द्यावासा वाटला.

हाच अनुभव विक्रीच्या टक्केवारीतही उतरतो. चित्र विकलं गेलं तर आयोजकांनी किती घ्यावे, यावर बैठक होती. मोठी दालनं बरंच घेतात, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, आपण समाजसेवा करतोय. तिसऱ्यानं मधला मार्ग काढला: साडेबारा टक्के. सगळ्यांनी माना डोलावल्या. पनवेल-उरण भागात साडेबारा टक्के हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. जमिनी गेल्या त्यांना त्याच हिशेबानं भूखंड मिळाले. मागच्या रांगेतून एक चित्रकार म्हणाला, "विमानतळवाल्यांना साडेबावीस दिले होते." त्याला वाटलं ते चित्रकाराच्या बाजूनं जाईल. हिशेब लक्षात आल्यावर तो खाली बसला.

तसाही हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. विकल्या गेलेल्या चित्रावर लाल ठिपका लावायचा, अशी जगभरची रीत. ठिपके आणायचे राहिले म्हणून काकूंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढून दिलं, आणि त्या पाकिटातल्या बहुतेक टिकल्या काकूंनाच परत मिळाल्या. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' 118 कोटींना गेलं, ही बातमी संयोजक काकांनी कापून हॉलच्या दारावर लावली होती. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'जन्म पंढरपूर.' बातमी वाचून आत आलेल्या एका गृहस्थांनी गणपतीच्या एका चित्राची किंमत विचारली. चार हजार. त्यांनी फ्रेमवरून बोट फिरवलं, मागून लाकूड वाजवून बघितलं. "सागवान दिसतंय. फ्रेम नुसती किती?" चित्रकारानं आधी नाही म्हटलं. मग दुपारी जेवणाच्या वेळेला फ्रेम सातशेला दिली. गणपती घरी परत गेला, विसर्जन न होता.

दिवाळीत रांगोळीचं प्रदर्शन असतं आणि त्याचं शास्त्रच वेगळं. शाळेचा हॉल, फरशीवर हार्डबोर्ड, त्यावर चौकोन आखून व्यक्तिचित्रं. पांढऱ्या रांगोळीत लेक कलर कालवायचा, दोनदा चाळायचा, आणि त्वचेच्या छटा चहाच्या गाळणीतून हलक्या टिचकीनं पाडायच्या. नाकाची सावली गालावर कुठं विरते ते दाखवायला गाळणीवर किती जोरानं टिचकी मारायची, हे हाताला कळावं लागतं. कलाकार विटांवर फळी टाकून तिच्यावर पालथा पडून काम करतो. तासन्‌तास. उठतो तेव्हा छातीवर फळीचा ठसा असतो.

आणि अर्थातच पंखे बंद. खिडक्या बंद. ऑक्टोबरचा उकाडा, आत शंभरेक माणसं, आणि दारावर मी: "दादा, हात हलवून बोलू नका." "काकू, पदर." "शिंक आली तर बाहेर या." रांगोळीच्या प्रदर्शनात शिंकणारा माणूस चेहऱ्यावरून आधी ओळखायचा असतो, हे मी तिथं शिकले. डोळे बारीक होतात, नाकपुड्या फुलतात, आणि हात खिशाकडे जातो. तेवढ्या वेळात त्याला दंडाला धरून बाहेर काढायचं. एकाला मी असं काढलं. तो नुसता भावुक झाला होता, शिंक नव्हतीच.

विषयही ठरलेले असतात. शिवाजी महाराज, लतादीदी, त्या वर्षी दिवंगत झालेली एखादी थोर व्यक्ती, आणि स्वामी समर्थ. स्वामींच्या रांगोळीला गर्दी जास्त. लोक चपला काढतात, हात जोडतात, इथपर्यंत ठीक. एका बाईंनी डोळे मिटून नाणं वाहिलं. दहा रुपयांचं, जड. ते स्वामींच्या गालावर पडून घरंगळत भुवईपर्यंत गेलं. ज्यानं रांगोळी काढली होती तो मुलगा दोन रात्री जागा होता. तो कळवळून पुढं आला, तर त्याला वाटेत अडवून एक काका म्हणाले, "राहू दे, श्रद्धा आहे." मग बाकीच्यांनाही राहवेना. संध्याकाळपर्यंत सत्तावन्न रुपये जमले आणि स्वामींचा चेहरा ओळखू येईना. पण दर्शनाची रांग काही हटेना. व्यक्तिचित्रात साधर्म्य फार महत्त्वाचं, असं आम्हाला शिकवतात.

शेवटच्या दिवशी सगळं झाडून काढतात. महाराज, दीदी, स्वामी एकाच केरसुणीखाली येतात आणि सगळ्यांचा मिळून एक मळकट जांभळा रंग होतो. शाळेच्या शिपाईकाकांनी तो पोत्यात भरून ठेवला. सुट्टी संपल्यावर मी तिकडून जात होते, तर मैदानावर खो-खोच्या रेषा त्याच जांभळ्यानं मारलेल्या आणि पोरं त्यांच्यावरून धावत होती.

मुंबईतल्या प्रदर्शनांना मदत करायलाही जावं लागतं. तिथला अनुभव थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण तिथं कुणी काही बोलत नाही. येताना मात्र हार्बरवर गंमत झाली. सीएसएमटीला बायकांच्या डब्यात दोन मोठ्या फ्रेमा वर्तमानपत्रात गुंडाळून उभ्या धरलेल्या. डॉकयार्ड रोडपर्यंत नुसत्या नजरा. वडाळ्याला एकीनं विचारलं, "पडद्याचे रॉड?" चित्रं आहेत म्हटल्यावर सगळा डबा एकमतानं म्हणाला, "दाखव." कागद सोडला. कुर्ल्यापर्यंत चौथ्या सीटवरच्या बाईनं उठून चित्राला बसायला जागा दिली होती. मानखुर्दनंतर खाडीच्या पुलावर दोन्ही बाजूंनी उजेड आला, तेव्हा ते चित्र मी पहिल्यांदा चांगल्या प्रकाशात बघितलं. गजरे, पिना विकणारी बाई येऊन थबकली, तिनं दोन्ही चित्रं बघितली आणि व्यावसायिक सल्ला दिला: "छोटे बनाओ. इतने बडे कौन लेगा चलती गाडी में?" प्रदर्शनाच्या संपूर्ण आठवड्यात मिळालेला हा एकमेव उपयोगी अभिप्राय.

अभिप्रायवहीत असं काही सापडत नाही. तिथं 'अप्रतिम', 'खूपच छान', 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा' असतं, मध्येच एक विमा एजंट आपला नंबर सोडून गेलेला असतो, आणि कुणीतरी 'पंखा क्र. 3 आवाज करतो' असं प्रामाणिकपणे नोंदवलेलं असतं. एका पानावर एका लहान मुलानं दोन डोंगर आणि मधून सूर्य काढला होता. खाली आईनं नाव, इयत्ता आणि तुकडी लिहिली होती.

यंदाच्या शेवटच्या दिवशी आवराआवर सुरू होती. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कुणाचा तरी पहिला वाढदिवस होता. फुगेवाले येऊन पंपानं फुगे भरत होते. मांडववाला गुलाबी कापड सोडायला लागला होता आणि मी तंगूस कापत होते. सगळी चित्रं उतरली, एक सोडून. त्याच्यासमोर दोन आजोबा. चित्रात वाडा, वाड्याच्या मागे परसात विहीर. एकाचं म्हणणं विहीर बरोबर आहे, दुसऱ्याचं म्हणणं विहीर डावीकडे होती, तो लहानपणी तिच्यात पडला होता, त्यामुळे त्याला माहीत.

"पडलास ते आमच्या विहिरीत," पहिले म्हणाले. "काढलं आमच्या आजोबांनी."

चित्रकाराला बोलावून घेतलं. तो फ्रेमा मोजत होता. त्यानं नम्रपणे सांगितलं की वाडा त्यानं बघितलेला नाही, जुन्या फोटोवरून केलाय, आणि फोटोत परस नव्हतं.

"मग विहीर डावीकडे घे."

"आजोबा, हा जलरंग आहे. एकदा कागदात मुरला की मुरला. विहीर आता हलवता येणार नाही."

आजोबांनी चित्राकडे बघितलं, चित्रकाराकडे बघितलं, आणि छत्री उघडत म्हणाले, "माहीत नव्हतं तर ऑइलमध्ये काढायचं होतंस ना!"